बैठ्या शववाहिकेच्या वर्गाविषयी

मंगळवार, दिनांक १० जून २०२५, भर दुपार. स्थळ : वाहन वर्गवारी कक्षाचे आवार, सोलापूर.

प्रति,
मा. वर्गवारी अधिकारी,
वाहन वर्गवारी कक्ष, सोलापूर.

अर्जदार : गुरुशांत वीरभद्र तोळणुरे, निवृत्त शिक्षक, रा. जुळे सोलापूर.

विषय : मृत व्यक्तीस बसवून नेणाऱ्या वाहनाची शववाहिका म्हणून नोंद होणेबाबत.

संदर्भ : आपले निरीक्षक श्री. अमरेश यांनी आज सकाळी घेतलेली तोंडी हरकत.

महोदय,

१. अर्जदार ज्या समाजात जन्मला, त्या समाजात मृतास आडवे नेत नाहीत. स्नान घालून, विभूती लावून त्यास मखरात बसवितात आणि बसल्या स्थितीतच रुद्रभूमीत समाधी देतात. पूर्वी हे मखर खांद्यावरून जाई. आता वस्ती दूरवर सरकली, रुद्रभूमी जागची हलली नाही, आणि खांदा देणारी मुले नोकरीपायी परगावी गेली. गतवर्षी अर्जदाराचे चुलते मल्लप्पा निवर्तले, तेव्हा खांदेकरी न मिळाल्याने त्यांस साध्या शववाहिकेतून आडवे न्यावे लागले. त्यांच्या पत्नी चंद्रव्वा तेव्हापासून अर्जदाराशी एवढेच बोलतात : "जन्मभर ताठ बसलेला माणूस, गुरू. त्याला तुमी पोत्यासारखा आडवा नेला की रं. मला तसं न्यायचं न्हाय, सांगून ठेवते."

२. या शब्दांपायी अर्जदाराने भाऊबंदांच्या साह्याने एक जुनी व्हॅन घेतली. गॅरेजवाले कल्लप्पा यांनी तिचे छप्पर उंच केले, मधोमध उंच पाठीचे आसन जोडले, छातीशी व कमरेशी पट्टे दिले, आणि रस्त्यावरील लोकांस अंत्यदर्शन घडावे म्हणून चहूबाजूंनी काचा बसविल्या.

३. निरीक्षकांची हरकत त्यांच्याच शब्दांत अशी : "सर, शववाहिकेत माणूस आडवा पाहिजे. बसलेला असंल तर तो प्रवासी. कॉम्प्युटर घेईनाच, मी काय करू?" आणि प्रवासी म्हटला की त्याला आतून उघडणारे दार हवे. अर्जदाराचे नम्र प्रतिपादन असे की, प्रवासी तो, जो मुक्काम आल्यावर स्वतः उतरतो. ज्यास आतून दार उघडण्याची गरज भासेल, त्यास या वाहनात बसविण्याचे प्रयोजनच उरत नाही. यावर निरीक्षकांनी सौजन्याने आपली यादी धुंडाळली. फिरता दवाखाना निघाला, फिरते ग्रंथालय निघाले, श्वानांच्या केशकर्तनाचे वाहनही निघाले. अखेर काचा पाहून त्यांनी 'फिरते प्रदर्शन' असा वर्ग सुचविला. ज्या यादीत श्वानाच्या केसांस स्थान आहे, तीत अर्जदाराच्या पितरांस ते नसावे, याचा खेद येथे नोंदवितो.

४. तदनंतर निरीक्षकांनी वाहन 'प्रत्यक्ष वापराच्या स्थितीत' दाखविण्यास फर्माविले. त्या स्थितीतील कोणी अर्जदाराच्या घरी नव्हते, ही ईश्वराची कृपा. म्हणून वाहन घरी परत नेले असता चंद्रव्वा, वय नव्वदीच्या घरात, आपण होऊन आसनावर बसल्या. विभूती लावण्याचा त्यांचा हट्ट अर्जदाराने पुरविला, ही अर्जदाराची चूक. ऊन लागते म्हणून त्यांनी डोळे मिटून घेतले, हा त्यांचा स्वभाव. परिणामी येथे परतताना सात रस्ता चौकात वाहतूक थांबली, लोकांनी चपला काढून हात जोडले, कोणी भजन धरले, आणि बरीच मंडळी वाहनामागून आपल्या कक्षाच्या फाटकापर्यंत आली. तेथे चंद्रव्वांनी डोळे उघडून चहा मागितला. पुढच्या रांगेतील एक गृहस्थ हातातल्या चपला टाकून अनवाणीच पळाले.

निरीक्षक म्हणाले, "आजी तर जिवंत हायेत की. मग प्रवासीच झाल्या." त्यावर चंद्रव्वा म्हणाल्या, "मग मरून दाखवू व्हय रं बाळा? दम धर जरा, एवढी घाई कशाची?"

५. महोदय, येथवरचे सारे हसण्यावारी नेता येईल. पुढील नेता येणार नाही. "कागद झाल्याबिगर मी उतरणार न्हाय," असे म्हणून चंद्रव्वा सकाळपासून त्याच आसनावर आहेत. ऊन आपण पाहतच आहात. त्यांचे हृदय दुबळे असल्याचे डॉक्टरांनी अर्जदारास बाजूला घेऊन सांगितले आहे. चंद्रव्वांनी ते ऐकले आहे. त्यांचे काही बरेवाईट झाले, तर हे वाहन बिनवर्गाचे म्हणून येथेच अडकेल, आणि अर्जदारास त्यांना त्या आसनावरून उतरवून, आडवे करून, दुसऱ्या गाडीने न्यावे लागेल. एकदा केले. पुन्हा अर्जदाराच्याने होणार नाही.

६. सबब प्रार्थना एवढीच की, या वाहनास शववाहिका म्हणावे आणि त्यात बसणाऱ्यास बसू द्यावे. निर्णय आजच व्हावा.

आपल्या निर्णयाची उभ्याने वाट पाहणारा,
आपला नम्र,
गु. वी. तोळणुरे

सोबत :
(१) गॅरेजचा दाखला.
(२) चुलते मल्लप्पा यांच्या अंत्ययात्रेचे छायाचित्र. पाहून परत मिळावे. चंद्रव्वांस दाखवू नये.
(३) पळालेल्या गृहस्थांच्या चपला, एक जोड.

मा. वर्गवारी अधिकारी यांचा शेरा : खाली जाऊन वाहन पाहिले. आजींशी बोललो. वर्ग : शववाहिका. आसनक्षमता : चालक, अधिक मृत एक, बसून. आजच नोंद करावी.