जिना तीनदा

७ जून

चि. विसराळू नातीस, आजीचे अनेक आशीर्वाद.

गेल्या पत्रात तब्येत विचारलीस ती माझी. आजारी तुझा बाप आहे गं, मी नाही. फोन मला नको, फोनवर रडलेलं कळतं. म्हणून मी सांगतेय, तो लिहितोय.

दोन सलाइनींत त्याच्या यकृतातली कॅन्सरची गाठ निम्मी झाली. औषध लागू पडलं, असं डॉक्टर हसून म्हणाले. पण स्वारी आळसावलीय. जन्मभर लोकांची छतं रंगवली, आणि आता हात केस विंचरायलाही वर जात नाही. मी बोलायला लागले की पापण्या मिटतो. लहानपणी पाढ्यांना असंच करायचा. बसून पाय आखडलेत, म्हणून रोज तीनदा जिना चढायला लावते. कुरकुरतो, पण चढतो.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

आजी

११ जून

ती. आजीस, सा. न.

आधी जिना बंद! आईला फोन केलाच आहे. तू तिचं ऐकणार नाहीस म्हणून हे पत्र. बाबांचं अक्षर ओळीखाली घसरत गेलंय. इथल्या डॉक्टरांना विचारलं. हे औषध अंगातली रोगाशी लढणारी फौज गाठीवर सोडतं. क्वचित ती आपल्याच स्नायूंवर उलटते, असं म्हणाले. मग पापण्या पडतात, मान पडते, घास अडकतो. आजच दाखवा. रजा मिळताच निघते.

रागावलीस तरी प्रेम कर.

तुझी नात

१८ जून

चि. नातीस, आशीर्वाद.

आज तुझी आई लिहितेय. त्याच्या बोटांत पेन ठरत नाही. तू म्हणालीस तेच निघालं. हजारांत एखाद्याला होतं म्हणे. सोडतीत आपल्या घराला कधी साधी बादली लागली नाही, हे बरं लागलं!

औषध बंद केलंय. पुन्हा दिलं तर श्वासाचे स्नायू जातील, नाही दिलं तर गाठ वाढेल. आता ती फौज निजवायच्या गोळ्या चालू आहेत. मी काय करू, असं विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, बसा. जन्मात मला कुणी बस म्हटलं नव्हतं. बसलेय.

जिन्याबद्दल त्याच्यापाशी बोलले. त्यालाही तो आळसच वाटला होता, म्हणाला. मग मला त्याच्याकडे बघवेना.

आहे तेवढा लोभ आमच्यावर राहू दे.

आजी

ता. क. रजा लांबली तर कुणाबरोबर तरी डबा पाठव. पाणीसुद्धा त्याच्या श्वासनळीत जातं, तेव्हा पातळ काही नको. सफरचंद शिजवून गाळ, चमचा उभा राहील इतकं दाट. साखर नको. आणि थोडंच पाठव, म्हणजे पुन्हा पाठवावं लागेल.