पिकल्या केळ्याचा वास

जळगाव, ९ डिसेंबर १९९१

प्रिय आबेदा,

पोरी, रागात लिहितेय, अक्षर नेहमीपेक्षा वाकडं येईल. तू म्हणायचीस ना, "अक्का, तुमचं अक्षर म्हणजे मुंग्यांची वरात." आज त्या मुंग्याही चवताळल्यात असं समज. तू धुळ्याला अब्बांकडे गेलीस त्याला दीड महिना होईल. तुझ्या जागी नवी सिस्टर आलीय. पोर गुणी आहे, पण डॉक्टरसाहेबांची चप्पल वाजली की पेशंटची सोडून तिचीच नाडी मोजावी लागते. काल साहेबांनी तिच्यासमोर तुझं नाव काढलं. म्हणे, "शहाणपणा करू नकोस, त्या धुळ्याच्या डॉक्टरणीने माझा पेशंट मारला." मी तिथेच फरशी पुसत होते. अंगाचा नुसता तिळपापड झाला. एकोणतीस वर्षं या वॉर्डात आयाचं काम करतेय, मेलेल्या माणसावर पांघरूण घालताना पाहिलंय, पण आपल्या चुकीवर दुसऱ्याची पोर पांघरणारा माणूस पहिल्यांदा पाहिला.

असोद्याची ती लता माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही बघ. बावीस वर्षांची. नवरा जीवराम केळीचे घड कापून ट्रकमध्ये भरणारा, सासू भागाबाईही त्याच कामातली. सकाळी अकराला ट्रॅक्टरमधून आणली. महिन्याभरात पार वाळून गेलेली, हंडाभर पाणी पिऊनही तहान भागेना, दोन दिवस उलट्या, आणि श्वास लोहाराच्या भात्यासारखा, खोल, एकसारखा. साहेबांनी दारातूनच पाहिलं. "नवी सून का? सासूशी वाजलं असेल. पिशवी लावा, ग्लुकोजची बाटली लावा." आपल्याकडची रीतच ती. तरुण सून धापा टाकत आली की तिच्या तोंडाला कागदी पिशवी. घाबरलेल्या बाईला तिने उतार पडतो, मी खोटं कशाला बोलू. पण म्हणून काय प्रत्येक सून घाबरलेलीच असते? पुरुष धापा टाकत आला की त्याची छाती तपासायची आणि बाई आली की तिचं सासर तपासायचं, ही कुठली डॉक्टरी गं?

पिशवी मीच धरली होती तिच्या तोंडावर. तू पलीकडच्या खोलीत ड्रेसिंग करत होतीस. आलीस, घड्याळ हातात घेऊन पुरा एक मिनिट श्वास मोजलेस, छत्तीस. तिची बोटं उलगडून पाहिलीस. घाबरून धाप लागली तर बोटं आखडतात, हिची सैल होती. छातीत शीळ नव्हती, म्हणजे दमाही नाही. मग वाकून वास घेतलास आणि म्हणालीस, "अक्का, हिच्या तोंडाला पिकल्या केळ्यासारखा वास येतोय." मला हसू आलं. म्हटलं, असोद्याची बाई, केळ्याचा नाही तर काय मोगऱ्याचा येणार? भागाबाईही म्हणाली, "माय, आमच्या घरात सर्व्यायच्याच आंगाले केयाचा वास येतो." दुसऱ्या गावात हा वास कुणाच्याही नाकात भरला असता. आपल्या इथे तो कुणाला कळलाच नाही. तू मात्र ऐकलं नाहीस. गरम पाणी मागवलंस, तिचं अंग पुसलंस, लुगडं बदलून दवाखान्याचं पातळ गुंडाळलंस, चूळ भरवलीस. तरी वास तसाच, श्वासातून येणारा. तेव्हा कुठे आम्हा दोघींना पटलं.

तू पिशवी काढून फेकलीस, पाठीशी उशा लावून तिला बसती केलीस. आणि माझ्यासारख्या अडाणीला समजेल असं सांगितलंस, की हिची साखर चढलीय, रक्त आंबट झालंय, शरीर तो आंबटपणा या खोल श्वासांनी बाहेर टाकतंय. पिशवी लावणं म्हणजे चूल धुमसत असताना धुराडं बुजवणं. मग लघवी घेतलीस, निळ्या औषधात घालून स्पिरिटच्या दिव्यावर धरलीस, तर नळीत वीट उगाळल्यासारखा रंग. ग्लुकोजची बाटली बंद करायला विचारायला गेलीस, एकदा. साहेब म्हणाले, "चालू दे." दुसऱ्यांदा गेलीस, तेव्हा ते जेवत होते. तिसऱ्यांदा ती नळीच हातात घेऊन गेलीस, मी तुझ्या मागे होते. बाहेर पेशंटांची रांग. साहेब त्यांच्याकडे बघून हसले, "बघा, आमच्या सिस्टर आता आम्हाला शिकवतात. सिस्टर आहेस, सिस्टरच राहा." माणसंही हसली. तू जागची हलली नाहीस. म्हणालीस, "सर, एकदा येऊन वास तरी घ्या." साडेचारला आले ते. तेव्हा लता हाकेला ओ देत नव्हती. मग इन्सुलिन, मग धावाधाव. दिवेलागणीला ती गेली. तोवर तिची जीभ कोरडी पडू नये म्हणून तू ओल्या बोळ्याने तिचे ओठ टिपत बसली होतीस.

आता जे सांगायचं ते सांगते. तिसऱ्या दिवशी दवाखान्याचं ऑफिस सांभाळणाऱ्या मॅडमनी मला आत बोलावलं, खुर्ची दिली. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा. एक कागद पुढे केला. "तानुबाई, तुम्हाला वाचता येतं ना? वाचा, खोटं असेल तर सही करू नका." पोरी, औषधांच्या खोक्यांवरून आणि एसटीच्या पाट्यांवरून शिकलेली मी, मला कुणी वाचायला सांगितलं की छाती फुगते. बोट ठेवून दोनदा वाचलं. लिहिलं होतं की सिस्टर आबेदा हिने साहेबांनी सांगितलेली पिशवी त्यांना न विचारता काढली, आणि संध्याकाळी पेशंट दगावला. त्यात खोटं काहीच नव्हतं. मी सही केली. जे लिहिलंय ते खरं आहे का एवढंच मी पाहिलं. जे लिहिलंच नाही, तुझ्या तीन खेपा, ती नळी, ग्लुकोजची बाटली, ते शोधायला मला कुणी शिकवलं नव्हतं. म्हणून तुला काढताना ज्या कागदावर बोट ठेवलं, त्या कागदाखाली नाव माझं आहे. तू जाताना माझ्या पाया पडलीस, तेव्हा मी तोंड उघडलं नाही.

पुढच्या बुधवारी, अठरा तारखेला सकाळी अकराला दवाखान्याचे ट्रस्टी लोक चौकशीला बसणार आहेत. तुझं नर्सिंगचं रजिस्ट्रेशन रद्द करा, असं पत्र पाठवायचा त्यांचा बेत आहे. तू आली नाहीस तर तुला सगळं मान्य आहे असं धरतील, हे मी नव्या सिस्टरकडून काढून घेतलं. मी साडेचार पानं लिहिलीत, माझ्या हाताने. त्यात पिशवी कुणी धरली तेही आहे. काल असोद्याला जाऊन आले. भागाबाई आधी दार उघडेना, मग सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी येते. वास मीबी घेतला होता." म्हणजे आता आम्ही दोघी आहोत, नोकरी जायची असेल तर जाऊ दे. पण लघवीच्या नळीचा रंग कशाचा आणि ती बाटली का बंद करायची होती, हे ट्रस्टींना समजेल असं आम्हाला सांगता येणार नाही, ते तुलाच सांगावं लागेल. मंगळवारच्या शेवटच्या गाडीने ये. माझ्या घरी उतरायचं नसेल तर स्टँडजवळ हसीनाबीकडे उतर. आणि मला बोल लावायचे असतील ते खुशाल लाव, मान खाली घालून ऐकेन, पण बुधवारचं काम झाल्यावर.

वाट बघणारी, आणि तू म्हणशील तर अजूनही तुझीच,
तानुअक्का