तुझ्या गावावरून जाणारं तिकीट

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. वाकून केलाय असं समज, कारण ज्या बाकावर बसून हे लिहितोय त्याने माझी पाठ फळीसारखी सरळ करून ठेवली आहे. भाऊजींचा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कुरकुरतो का (गुडघा म्हणतोय मी, भाऊजी नव्हेत)? तुझी प्रकृती उत्तम असणार. तू माझ्यावर चिडलेली आहेस, आणि चिडलेली असताना तुला साधी सर्दी झाल्याचंही मला आठवत नाही. मी खुशाल आहे. कुठे आहे, ते ओघात येईलच.

काल शाळेने तुला निरोप दिला. जन्मभराच्या नोकरीत तू माझ्याकडे एकच गोष्ट मागितलीस, की त्या दिवशी ये, माझ्याविषयी चार शब्द बोल, आणि चार म्हणजे चारच बोल. मी शब्द दिला होता. तो पाळायला मी तुझ्या स्टेशनापर्यंत आलोही. पण तू फाटकाच्या पलीकडून बघत होतीस, त्यामुळे तुला निम्मंच दिसलं. उरलेलं निम्मं ऐक आणि मग काय ती शिक्षा दे.

सुरुवात तिकिटाच्या खिडकीपाशी झाली. मी तुझ्या गावचं तिकीट मागितलं. आतल्या बाईंनी जो आकडा सांगितला तो ऐकून माझ्या मागे उभा असलेला माणूस रांग सोडून निघून गेला. मी शांतपणे विचारलं (माझं शांत बोलणं तुला ठाऊक आहे, शेजारच्या दोन खिडक्यांनी माना वर केल्या), की त्याच गाडीने शेवटच्या स्टेशनापर्यंत जायला किती पडतात? तर कमी. बरेच कमी. गाडी तीच, डबा तोच, रूळ तेच, आणि तुझं गाव वाटेत लागतं. मी म्हटलं, "बाई, म्हणजे कमी जायचे मी जास्त पैसे देणार?" त्या म्हणाल्या, "तसं नाही हो. लवकर पोचण्याचे देणार." आणखी खुलासा केला, की तुमच्या बहिणीच्या गावाला सगळ्यांनाच जायचं असतं, शेवटच्या स्टेशनाला कुणालाच नाही, म्हणून ते स्वस्त. वर जाऊन-येऊनचं तिकीट नुसत्या जाण्याच्या तिकिटापेक्षाही स्वस्त निघालं. म्हणजे माणूस गेला की रेल्वेला दुःख होतं आणि परत आला की आनंद, एवढाच अर्थ मला लावता आला. मी शेवटच्या स्टेशनाचं जाऊन-येऊन तिकीट काढलं. सूर्य आणि मेघ अंतर बघून ऊन-पाऊस विकत नाहीत, तर रेल्वेने अंतराची अशी थट्टा का मांडावी, यावर मी तिथेच थोडं बोललो. लोकांनी ऐकून घेतलं. रांगच होती, जातात कुठे.

गाडीत माझ्यासमोर एक शिंपी बसला होता, मांडीवर शिवणयंत्राचं मुंडकं घेऊन. त्याने एका प्रवासाची दोन तिकिटं काढली होती, कारण अर्ध्या वाटेपर्यंतचं एक आणि तिथून पुढचं एक अशी जोडली की सबंध तिकिटापेक्षा स्वस्त पडतात. मात्र दोन तिकिटांवर दोन आसनं. मधलं स्टेशन आलं तसा तो मुंडकं कवटाळून उठला आणि माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेवर येऊन बसला. पहिली जागा शेवटपर्यंत मोकळीच. मी म्हटलं, तिथेच बसून राहायचं होतं. तर म्हणतो, "साहेब, तिथला मी उतरलो ना मघाशी." मग त्याने मला हळूच विचारलं, की स्वतःचा निरोप घ्यायला हवा होता का. ताई, राज्यं उलथली त्या काळातले ग्रंथ मी वाचलेत, पण व्यवस्था माणसाला इतक्या बिनबोभाट दोन तुकड्यांत कापते हे कुठल्याच पानावर आढळलं नाही. तेवढं सगळं मी डब्याला सांगितलं. डबा झोपला होता असं वाटलं, पण एकाने "अगदी खरंय" म्हटलं (तोही झोपेतच असावा).

आता फाटक. मी उतरलो, पलीकडे तू दिसलीस, ठेवणीतले कपडे, हातात माझ्यासाठी आणलेली छत्री. मी तिकीट यंत्रात घातलं आणि यंत्राने ते तोंडात वाईट चव आल्यासारखं बाहेर काढलं. तपासनीस आला. पोरसवदा, इस्त्रीचा, अतिशय नम्र. म्हणाला, "काका, तुमचा प्रवास शिल्लक आहे."

मी म्हटलं, "शिल्लक राहिलेला मी रेल्वेला भेट दिला."

"भेट घ्यायची सोय नाही, काका. लवकर उतरलात, दंड भरावा लागेल."

जास्त प्रवास केल्याचा दंड मला समजतो. कमी केल्याचा? मी रेल्वेची बसायची जागा परत करतोय, पुढच्या वाटेचा कोळसा, वीज, काय लागतं ते वाचवतोय, आणि गुन्हेगार मी? इथपर्यंत मी साध्या आवाजात होतो. त्याने तिकीट उलटं करून मागचा मजकूर दाखवला, की मधल्या स्टेशनावर प्रवास संपवता येणार नाही. मी वाचला नव्हता, तिकिटाच्या मागे कोण वाचतं. तेवढ्यात त्याची नजर तुझ्यावर गेली आणि तो टाचा जुळवून उभा राहिला. "बाई, मी तिसरीला तुमच्याच वर्गात होतो." आणि तू, सख्ख्या भावाला कुंपणात अडकलेला बघूनसुद्धा, त्याला विचारलंस की आई बरी आहे ना आणि अक्षर सुधारलं का. मी त्याला म्हटलं, बाईंचा भाऊ आहे मी, सोड. तर म्हणतो, "बाईंनीच शिकवलंय काका, ओळख वेगळी, नियम वेगळा." तुझा चेहरा त्या वेळी असा फुलला होता की मला तुझ्या बाजूने टाळ्याच ऐकू आल्या.

तू पाकीट काढलंस. "मी भरते रे, चल." मी म्हटलं, प्रश्न तत्त्वाचा आहे. तू म्हणालीस, "मग तत्त्वालाही घेऊन ये, पण लवकर, लोक खोळंबलेत." इथे मी हो म्हणायला हवं होतं. पण माझ्यामागे तोपर्यंत चाळीसेक माणसं तुंबली होती, आणि एवढा तयार श्रोता समोर असताना दंड भरून निघून जाणं मला जमलं नाही. मी बोलू लागलो. तुला फक्त माझे हात दिसले असतील. मुद्दे चांगले होते. मध्येच इंजिनाने शिट्टी दिली, आणि ज्या प्रवासाचे पैसे मी दिलेत तो माझ्याकडून कुणी हिरावून घेऊ शकत नाही, असं म्हणून मी पुन्हा गाडीत चढलो. वाक्य जोरदार होतं. त्याचा अर्थ मला गाडी सुटल्यावर कळला. छत्री वर करून तू काहीतरी म्हणत होतीस. निरोप देत होतीस असं मी धरून चाललोय.

तेव्हा मी शेवटच्या स्टेशनावर आहे. इथे खरोखरच कुणाला यायचं नसतं, रेल्वेचं बरोबर होतं. इथून तुझ्या गावच्या तिकिटाचा आकडा ऐकून मी खाली बसलो, तो हाच बाक. परतीचं तिकीट माझ्या खिशात आहे, पण ते तुझ्या गावावरून जातं, तुझ्या गावात येत नाही. फाटकाशी पुन्हा तोच पोरगा असेल. हे पत्र मात्र पोस्टात टाकतोय. जवळ जा, लांब जा, त्याला एकच दर, आणि मध्ये उतरलं म्हणून कुणी अडवत नाही. या जगात पाकिटाला जी प्रतिष्ठा आहे ती माणसाला मिळेपर्यंत मी गप्प बसणार नाही.

तुझाच,
भोंगा
(तूच ठेवलेलं नाव, बाकीच्यांनी ते नुसतं उचललं.)

ता. क. समोरच्या भिंतीवर एक पाटी आहे. नोकरीतून निवृत्त झालेल्या प्रवाशासोबत एका माणसाला फुकट जाता येतं, आणि त्याला हव्या त्या स्टेशनावर उतरता येतं. तू कालपासून निवृत्त आहेस. मला न्यायला येतेस का? तुझ्याकडून जाऊन-येऊन तिकीट स्वस्त पडतं, मी विचारून ठेवलंय.

आणखी एक. आत्ता तुझ्या गावावरून आलेल्या गाडीचा गार्ड भेटला. काल समारंभात माझ्या जागी तो तपासनीसच बोलला म्हणे, आणि आटोपशीर बोलला. त्याबद्दल त्याचं अभिनंदन कर (घाईने नको). माझे चार शब्द राहूनच गेले, ते इथे लिहितो. रस्त्यावरची एकेक पाटी मोठ्याने म्हणायला लावून हिने मला वाचायला शिकवलं. पुढे मी खूप वाचलं. तिकिटाची मागची बाजू तेवढी राहिली. एवढंच होतं, ताई.

आणि हे शेवटचं. खिडकीवरचा माणूस म्हणतो, इथून फुटणाऱ्या फाट्याच्या गाडीने आणखी पुढे एक स्टेशन आहे, आणि तिथून तुझ्या गावचं तिकीट जवळजवळ फुकट आहे. मी अजून बाकावरच बसलेला आहे. पण तू लवकर ये.