मुख्याध्यापिका बाईंचं घड्याळ आणि शहामृग

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता काय म्हणतो? भावोजींचा खोकला थांबला का? (थांबला असला तरी कोमट पाणी पाजत राहा, म्हणजे तुझं ऐकायची सवय मोडणार नाही.) इकडे सगळे खुशाल. माझं शिलाई मशीनही खुशाल, फक्त सुईत दोरा ओवायला आता सुनेला हाक मारावी लागते.

पत्र लिहायचं कारण असं की परवा आम्ही तिघे मित्र रेल्वेने जाऊन प्राणिसंग्रहालय पाहून आलो. तिघे म्हणजे मी, माझ्या शेजारच्या दुकानातला घड्याळजी आणि गेल्या महिन्यात निवृत्त झालेला आमचा पोस्टमन. पस्तीस वर्षं एकत्र चहा पितोय, पण एकत्र गावाबाहेर म्हणून पडलो नव्हतो. माझी सुट्टी सोमवारी, घड्याळजीची गुरुवारी, पोस्टमनची रविवारी. आता पोस्टमनला सातही वार मोकळे, तेव्हा आम्ही दोघांनी एक दिवस दुकानं बंद ठेवली आणि दारावर ‘तातडीच्या कामासाठी बाहेर’ अशा पाट्या लावल्या. (वाघ बघायला गेलोय असं साठीच्या माणसाने लिहायचं कसं?)

घड्याळजीने आम्हाला गाडीच्या सव्वा तास आधी फलाटावर आणून उभं केलं. त्याच्या मनगटावर सोनेरी साखळीचं नाजूक बायकी घड्याळ बघून पोस्टमन हसत सुटला. ते शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंचं होतं. दुरुस्त केलेलं घड्याळ एक दिवस स्वतःच्या हातात बांधून तपासायचं, मगच गिऱ्हाइकाला द्यायचं, हा त्याचा नियम. (बाईंना तू ओळखत नाहीस. त्या रस्त्याने आल्या की साठीची माणसंसुद्धा शर्टाची वरची गुंडी लावतात.)

पोचलो तर सगळे प्राणी जेवून झोपलेले. अस्वलाची पाठ पाहिली, बिबट्याची शेपटी पाहिली. सिंह तेवढा जागा होता. पोस्टमन त्याच्यापुढे बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, “चांगला आहे रे हा, भुंकत नाही.” छत्तीस वर्षं लोकांच्या कुत्र्यांनी त्याची पोटरी चाखलेली, त्याचं मोजमाप वेगळं.

घोळ झाला तो शहामृगापाशी. तिथल्या खांबावरचं घड्याळ सात मिनिटं मागे होतं. आपल्याला काय करायचंय? पण घड्याळजीला ते बघवेना. त्याने हातातलं घड्याळ काढलं, ताडून बघायला उंच धरलं, आणि शहामृगाने जाळीवरून मान काढून ते अलगद उचललं. मान आत गेली, दोनदा वरखाली झाली, आणि पक्षी असा काही बघायला लागला की जणू आम्हीच त्याचं काहीतरी घेतलंय.

घड्याळजी दोन्ही हातांनी जाळी धरून आत बघत राहिला. पोस्टमन धावत जाऊन राखणदार बाईंना घेऊन आला, त्या डॉक्टरीणबाईंना घेऊन आल्या. घड्याळजी हात जोडून म्हणाला, “बाईंचं घड्याळ गेलं तर मी बघून घेईन, पण या मुक्या जिवाला माझ्यामुळे काही व्हायला नको.” ताई, हा माणूस दुकानात माशी बसली तरी ओरडतो, त्याचा आवाज इतका हळवा मी कधी ऐकला नव्हता. डॉक्टरीणबाईंनी शहामृगाचा गळा चाचपला, पोटाला ठोके ऐकायची नळी लावली. घड्याळजी म्हणाला, जरा मला ऐकू द्या. कान लावून, डोळे मिटून त्याने ऐकलं आणि जाहीर केलं, “चालू आहे! ठोका जरा जाड येतोय, पण चालू आहे.” डॉक्टरीणबाई हसल्या. म्हणाल्या, हे पक्षी दगड पचवतात, संध्याकाळपर्यंत वाट बघू, बसा.

बसलो. साडेतीन तास बसलो एका बाकावर. हत्ती राहिला, माकडं राहिली. पण खरं सांगू, असा दिवस मला बऱ्याच वर्षांत मिळाला नव्हता. घड्याळजी दर पाच मिनिटांनी रिकाम्या मनगटाकडे बघायचा, तासाभराने तेही विसरला. बायकोला पहिल्यांदा बघायला गेला तेव्हा चुकून शेजारच्या घरात जाऊन पोहे खाऊन आला होता, हे त्याने पस्तीस वर्षांनी कबूल केलं. हसून हसून पोस्टमनला ठसका लागला. शहामृगही जाळीला लागून उभा राहून ऐकत होता. राखणदार बाई म्हणाल्या, एरवी हा कुणापाशी थांबत नाही.

संध्याकाळी त्या बाईंनी पिंजऱ्यातली पाण्याची टाकी धुवायला उपसली, आणि तळाशी सोनेरी साखळी! पठ्ठ्याने घड्याळ गिळलंच नव्हतं, पाणी पिताना तेव्हाच टाकून दिलं होतं. घड्याळजीने ते कानाला लावलं, खांबावरच्या वेळेत सात मिनिटं मिळवून ताडून पाहिलं आणि ओरडला, “साडेतीन तास पाण्यात, आणि एक सेकंद मागे नाही!” मग गाडीत अर्धा रस्ता तो घड्याळ रुमालाने पुसत होता. शेवटी पोस्टमनने विचारलं, “मग तुला पोटात ऐकू काय आलं?” तो म्हणाला, “काळीज असेल. पण वेळेला पक्कं होतं.”

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा

ता. क. – एवढं लिहिलं आणि खरं काम राहिलंच. बाकावर बसल्या बसल्या पोस्टमन सहज बोलून गेला की जन्मभर पत्रं वाटली, पण त्याच्या नावाने हाताने लिहिलेलं एकही पत्र त्याला आजवर आलेलं नाही. सगळे नातेवाईक एकाच गल्लीत, लिहिणार कोण? बोलला हसत, पण नंतर बराच वेळ चपलेकडे बघत होता. तर तू त्याला एक पत्र लिही. तुझी सगळी पत्रं मला तोच आणून द्यायचा, तेव्हा ओळख द्यायला नको. विषय सुचला नाही तर गुडघ्याबद्दल लिही, चार पानं सहज होतील. पत्ता मागच्या बाजूला आहे.

दुसरा ता. क. – मी सांगितलं असं लिहू नकोस. मीच लिहिलं असतं, पण माझं अक्षर तो लांबून ओळखतो.

तिसरा ता. क. – आत्ताच कळलं की घड्याळजीनेही आपल्या बहिणीला हेच लिहिलंय, आणि काल संध्याकाळीच टाकलंय. तेव्हा ताई, चार पानं राहू दे. दोनच ओळी लिही, पण आजच्या आज टाक. पहिलं पत्र आपल्या घरचं पोचलं पाहिजे.