बीजींचा सोमवार

बेडोक, सिंगापूर
७ सप्टेंबर २००८

प्रिय इंदर,

गेल्या रविवारी फोनवर तू विचारलंस, जाऊ की नको, आणि मी गप्प झाले. तुला वाटलं लाइन कटली. लाइन ठीक होती, मीच अडले होते. बर्मिंगहॅमच्या तुमच्या गुरुद्वाऱ्यातली मंडळी पुढच्या महिन्यात लंडनला पार्लमेंटमध्ये जाणार, पंजाबात गणवेशातल्या माणसांनी उचलून नेलेल्या आणि परत न आलेल्या मुलांबद्दल तिथल्या खासदारांना जाब विचारायला लावणार, आणि त्यांतलाच एक तुझा दीर कुलबीर, त्याची वहिनी म्हणून तू उभं राहून बोलावंस असं सगळ्यांचं म्हणणं. इकडे नांदेडहून तुझा भाऊ सांगतो की असल्या ठिकाणी बोलणाऱ्यांची नावं टिपून ठेवतात, मग भारताचा व्हिसा मिळत नाही. ऑक्टोबरअखेर तिथल्या गुरुद्वाऱ्यात गुरु-ता-गद्दीचा तीनशे वर्षांचा सोहळा, तुझे वडील, दारजी, पंच्याऐंशीचे. या वेळी नाही पोचलीस तर बापाचं तोंड पुन्हा दिसेल याचा भरवसा नाही. त्याचंही चूक नाही गं. तू म्हणशील, मग तुझं काय म्हणणं ते सांग, ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. थोडा वेळ लपवू दे.

काल बाजारात गेले होते. तो कोथिंबीरवाला आता म्हातारा झालाय, पण अजून तुझी चौकशी करतो. त्याच्याच समोर आपली पहिली भेट झाली होती, आठवतं? मी सिंगापुरात नवी, नागसेन दिवसभर साइटवर, सुगत कडेवर, आणि कुणाशी दोन शब्द बोलायची चोरी. तेवढ्यात सलवार-कमीजमधली एक उंच सरदारीण त्या चिनी म्हाताऱ्याशी इंग्रजीत भांडून वळली आणि स्वतःशीच पुटपुटली, लई महाग देऊलालाय की हा. माझ्या हातातली पिशवीच सुटली. इतक्या लांब येऊन नांदेडचं बोलणं कानावर पडलं, तेही पंजाबी बाईच्या तोंडून. तू नांदेडातल्या वजिराबादची आणि मी पलीकडच्या खेड्यातल्या बौद्धवाड्यातली, हे कळल्यावर आपण तिथेच टोमॅटोच्या खोक्यांवर बसून तासभर बोललो. नांदेडात असतो तर कदाचित ओळखही झाली नसती. इथे मात्र तू चौथ्या मजल्यावर, मी सातव्या, आणि लिफ्टमधून खालीवर जाणाऱ्या वाट्या कधी रिकाम्या गेल्या नाहीत. तुझ्याकडून मां की दाळ, माझ्याकडून शेंगदाण्याची चटणी.

मग बीजी आल्या. तुझ्या सासूबाई म्हणून त्यांची भीतीच वाटली होती मला. कुलबीरला तरनतारनच्या बसस्टँडवरून जीपमध्ये घालून नेलं त्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती आणि गावातल्या सगळ्या कचेऱ्यांचे उंबरे त्यांनी झिजवले होते. इकडे आणल्यावर त्या गप्प बसतील असं तुझ्या नवऱ्याला, परमजीतभाईंना, वाटलं होतं. पण आपल्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर, सोमवारी संध्याकाळी एमपी, म्हणजे इथला खासदार, येऊन लोकांची गाऱ्हाणी ऐकतो हे त्यांना कुणीतरी सांगितलं आणि पुढच्याच सोमवारी ओढणी सारखी करून त्या खाली गेल्या. तू ऑफिसात, मी घरी आणि तुझ्या संगतीने पंजाबी समजणारी, म्हणून दुभाषीण मी. तेव्हा आमचा पीआरचा, इथे कायम राहण्याच्या परवान्याचा, अर्ज सरकारकडे होता. नागसेन म्हणाला, आपण बरं की आपलं काम बरं, ही नसती उठाठेव कशाला. मला त्याचं पटतही होतं. पण बीजींनी हात धरला होता आणि तो सोडवून घेता आला नाही.

तिथे लोक काय काय घेऊन यायचे. कुणाचं छत गळतंय, कुणाला पार्किंगचा दंड, कुणाच्या मुलाला जवळची शाळा हवी. आमचा नंबर पुकारला की बीजी तो मागच्याला देऊन टाकायच्या. म्हणायच्या, त्याचं काम होण्यासारखं आहे, आधी तो जाऊ दे. असं करत आम्ही दर वेळी शेवटच्या. पहिल्या वेळी टायपिंग करणाऱ्या मुलीने हरवलेल्या माणसाचा पत्ता विचारला, तर बीजींनी आपल्या बेडोकच्या फ्लॅटचाच दिला. तो येईल तर इथेच येईल, दुसरीकडे कुठे जाणार? मी तसंच सांगितलं आणि तिने तसंच लिहिलं. महिन्याने छापील उत्तर आलं की या पत्त्यावर या नावाची व्यक्ती राहत नाही. तू रडलीस, मला हसू आवरेना, आणि बीजी शांतपणे म्हणाल्या, ते मलाही माहीत आहे, म्हणून तर विचारतेय.

एमपी भला माणूस होता. हा दुसऱ्या देशाचा घरचा मामला, आमचं एवढंसं राज्य त्यात हात घालू शकत नाही, हे त्याने मऊ शब्दांत सांगितलं. बीजी म्हणाल्या, याला सांग, मी लढ म्हणत नाही, फक्त विचार म्हणते. तिकडच्या कुणाबरोबर चहा प्यायला बसशील तेव्हा विचार, तरनतारनचा कुलबीर कुठे आहे. तो पुढे कधी विचारू शकला का, कोण जाणे. पण त्यानंतर बीजी आल्या की तो खुर्चीतून उठून उभा राहायचा. सुगत मित्रांना इथल्या इंग्रजीत सांगायचा, बीजी ऑलरेडी फेमस लाह. पिन्न्यांचा, त्या पंजाबी लाडवांचा, डबा घेऊन त्या तुम्ही इंग्लंडला जाईपर्यंत दर सोमवारी खाली बसल्या. काम होत नाही हे त्यांना आपल्या सगळ्यांपेक्षा आधी कळलं होतं.

तू एकदा विचारलं होतंस, घरात कितीही काम असलं तरी तू सोमवार कसा चुकवत नाहीस गं? मी हसण्यावारी नेलं. नामांतराच्या दंगलीत आमचा वाडा जळला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. ज्वारीची कोठी दोन दिवस धुमसत होती. गावातलं कुणी आमच्याकडे बघत नव्हतं, शेजारच्या वाटेने जायचं. मग कुठून तरी लांबून चार माणसं आली, जळक्या उंबऱ्यावर बसली आणि त्यांनी आईला तिचं नाव विचारलं, काय काय गेलं ते विचारलं. त्याने घर उभं राहिलं नाही. पण आई शेवटपर्यंत सांगायची, त्यांनी येऊन विचारलं होतं. बीजींच्या शेजारी बसताना मला आईच्या शेजारी बसल्यासारखं वाटायचं, आणि हे मी आजवर नागसेनलासुद्धा सांगितलेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात बीजी गेल्या आणि तू म्हणालीस, आता कुणासाठी जायचं? परवाच्या सोमवारी मी मुद्दाम खाली जाऊन बसले. तीच प्लास्टिकच्या खुर्च्यांची रांग, एमपी मात्र नवा. माझं काही गाऱ्हाणं नव्हतं. बीजींच्या खुर्चीवर एक मलय आजोबा गळक्या नळाची तक्रार घेऊन बसले होते. मला फार एकटं वाटलं, इंदर. तुझी, त्यांची, त्या सगळ्या सोमवारांची इतकी आठवण आली की वर येऊन जेवणच गेलं नाही.

आता भांडं पुढे करते. काल दारजींना फोन केला. सगळं सांगितलं, तुझ्या भावाची भीतीसुद्धा. ते म्हणाले, तिला म्हण, मी तिचं तोंड बघितलेलं हाय, कुलबीरच्या आईनं त्याचं तोंड बघायचं राहिलं. माझं तिकीट काढून झालंय. सोहळ्याच्या आधी मी नांदेडला पोचते आणि महिनाभर दारजींच्या घरी राहते. सोहळ्याला त्यांचा हात धरून मी नेईन, गोदावरीवर मी बसवीन. तुला व्हिसा मिळाला तर आपण दोघी नेऊ. नाही मिळाला तर पुढच्या वर्षीही मी जाईन, त्याच्या पुढच्याही. नागसेनने या वेळी उठाठेव म्हटलं नाही, त्यानेच बॅग वरून काढून दिली. तेव्हा बापाची काळजी माझ्यावर टाक आणि लंडनला जा. तुझा नंबर पुकारतील, तेव्हा तो मागच्याला देऊ नकोस.

तुझीच,
सातव्या मजल्यावरची नंदा