पडण्याची शिकवणी

५ जानेवारी १९३६, तळोदा
आज भर बाजारात धाकट्या भावाने मला ढकललं. सख्ख्या दोधूने! मी एवढंच म्हणालो होतो, की तुझ्या बायकोला गुरं कळतात तेवढी माणसं कळत नाहीत. खरं तेच बोललो. मिरच्यांच्या ढिगात बसलो. अख्खा बाजार हसला. मी शाळामास्तर आहे! दोधूशी संबंध संपला. आता त्याला आपटणार. शांतपणे.

८ जानेवारी
गावातले कय्युमभाई बडोद्याला एका जपान्याकडे जुजुत्सु शिकून आलेत. किरकोळ माणूस धिप्पाडाला उडवतो म्हणे. दोधू धिप्पाड, मी बुद्धिमान. उद्यापासून तालीम. निश्चय पक्का.

९ जानेवारी
अपमान! कय्युमभाई म्हणाले, "मास्तर, आज नुसतं पडानं." हनुवटी छातीला, पाठ गोल, तळवा जमिनीवर आपटायचा. मी बजावलं, मी पाडायला आलोय. पडायला शिकवणी कशाला? ते मला आपोआप जमतं.

१३ जानेवारी
अजून पडणंच. हिने पाठीला तेल लावताना हसू दाबलं. ताबडतोब अबोला धरला. अर्ध्या पाठीला तेल लावायचं राहिलं.

१७ जानेवारी
तालीम सोडली. गळपट्टी धरून खेचायचा डाव लांबून पाहिलाय, तेवढा पुरे. घरी पोत्यावर करून पाहिला. पोतं पडलं. मीही, पण नंतर. म्हणजे विजय माझाच.

२० जानेवारी, सकाळी
आज संध्याकाळी दोधूच्या खळ्यात. त्याची दया येते.

२५ जानेवारी
डाव्या हाताने लिहितोय. उजवं मनगट कामट्यांत बांधलेलं.

दोधू वाकून ज्वारीचं पोतं उचलत होता. मागून गळपट्टी धरली, ओरडलो, खेचलं. तो पोत्यासकट सरळ उभा राहिला, आणि मी हात टेकत उताणा. हनुवटी छातीला लावायची, हे जमिनीवर पोचल्यावर आठवलं. त्याने पोतं टाकलं. "दादा! पाय घसरना का तुन्हा?"

हल्ला झाला हे त्याला कळलंसुद्धा नाही! मला पाठीवर घेऊन हाडवैद्याकडे धावला. वाटभर रडत होता. सांगणार होतो, गाढवा, मी तुला मारायला आलो होतो. वेदनेमुळे राहिलं.

रोज दोन्ही वेळा येतो. त्याची बायको कढी-खिचडी करून देते, हा भरवतो. आज म्हणाला, "मन्हं चुकनं, दादा."

मी कडक नजरेने पाहिलं. क्षमा केलेली नाही. घासही फार मोठा करतो. त्याने हात पुढे केला, मी तोंड उघडलं.