सासूबाईंचा उजवा कान

अंधेरी, मंगळवार

सासूबाईंचा उजवा कान गेलाय, डॉक्टर एवढंच म्हणाले. माझ्या नवऱ्याने, संदीपने, मोबाईलवर कायतरी वाचलं आणि सुरू झाला, "उजवा कान म्हणजे डावा मेंदू, गं. आईची बुद्धीच गेली समज. तिची दहिसरची खोली मीच विकतो." असं असतं का? आणि मग हा रोज त्यांच्या उजवीकडेच का बसतो? खोलीचं विचारतो, त्या मान हलवतात, की झाला होकार.

आज तो नसताना मी डावीकडे बसून विचारलं.

"खोली विकूची नाय," त्या म्हणाल्या. "तो काय बोलता ता आयकाक येणा नाय. पण उजवीकडे कित्याक बसता, ता समाजता."

जेवताना त्यांनी आपलं ताट उचललं आणि त्या संदीपच्या पलीकडे जाऊन बसल्या, म्हणजे तो त्यांच्या डावीकडे आला. म्हणाल्या, "आता बोल."

संदीपने फक्त मीठ मागितलं.